परत उभे राहिलेल्या आमच्या आमदार भाऊंना खुलं पत्र: गट्टू दिसले, आता विधानसभेतलं काय ते सांगा

आदरणीय आमदार भाऊ,

सप्रेम नमस्कार. नाव लिहीत नाही, पक्षही लिहीत नाही. नागपूर शहरात सहा मतदारसंघ, नोव्हेंबर २०२४ च्या या विधानसभा निवडणुकीत त्यातल्या बहुतेक ठिकाणी मावळते आमदारच परत उभे आहेत आणि मी जे लिहून राहिलो ते थोड्याफार फरकानं सगळ्यांनाच लागू पडतं, त्यामुळे ज्याला आपलं वाटलं त्यानं आपलं समजावं. विरोधकांनी हे पत्र उचलून ग्रुपवर फिरवायची घाई करू नये, त्यांचेही आमदार यात आले.

माझं झेरॉक्सचं अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सरकारनं काहीही काढलं की ते लोकांच्या घरी पोचायच्या आधी माझ्या काउंटरवर येऊन आदळतं. जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे फॉर्म भरताना नारीशक्ती दूत ॲप चालू व्हायची वाट पाहत बाया रात्री उशिरापर्यंत बाकड्यावर बसून राहायच्या, कडेवर झोपलेलं पोरगं, हातात आधारची झेरॉक्स, अन् दर पाच मिनिटांनी "झालं काय हो भाऊ?" मग ऑक्टोबर आला तसे मतदार यादीचे फॉर्म ६ आणि फॉर्म ८ सुरू झाले, कारण एप्रिलमध्ये लोकसभेला बूथवर जाऊन यादीत नावच नाही म्हणून परत आलेली बरीच मंडळी आमच्या भागात आहे. तेव्हा नागपुरात ५४ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि सगळं खापर नागपूरकर आळशी आहे म्हणून आमच्यावर फुटलं. असो. तो वेगळा विषय आहे, त्यावर बोलायला बसलो तर हे पत्र २० तारखेच्या आत संपायचं नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुमचा कार्य अहवाल मिळाला. पदयात्रा आमच्या गल्लीतून गेली तेव्हा एका पोरानं काउंटरवर ठेवला. कागद फार भारी आहे, आर्ट पेपर, फोर कलर, वर लॅमिनेशन, धंदा हाच असल्यानं हात लावताच कळतं. पहिल्या पानावर तुम्ही हात जोडून, दुसऱ्यावर तुमचे नेते, तिसऱ्यावर आईवडिलांचा आशीर्वाद, आणि मग भूमिपूजन, लोकार्पण, भूमिपूजन, लोकार्पण. गट्टू (पेव्हर ब्लॉक), ओपन जिम, हायमास्ट लाइट, समाजभवन, नाल्याची भिंत, बगिच्यातले बाकडे, हळदीकुंकू, दहीहंडी, वह्यावाटप, चष्मेवाटप, तीर्थयात्रेची बस. एका फोटोत तुमच्या हातात कुदळ आहे आणि पायाखालचा रस्ता आधीच सिमेंटचा आहे, आता ती कुदळ मारली कुठं हे मला काही समजलं नाही, पण फोटो चांगला आला आहे.

पूर्ण अहवाल मागून-पुढून पाहिला. विधानसभेत तुम्ही पाच वर्षं काय केलं यावर एक ओळ नाही. विधानभवनाच्या पायऱ्यांवर बॅनर धरून घोषणा देतानाचा एक फोटो आहे, तेवढाच. म्हणजे पायऱ्यांपर्यंत तुम्ही गेले होते हे नक्की. आत जाऊन काय केलं ते आम्हाला कोण सांगेल?

मी हे तुमच्या त्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "काहून बे काका, रोड नाही दिसून राहिला का तुमाले? भाऊनं एवढी कामं केली, अजून काय पाह्यजे?" बे आणि काका एकाच वाक्यात, नागपूरच आहे हे. त्याचा राग आला नाही मला. त्याला खरंच असं वाटतं की आमदाराचं काम म्हणजे रोड. आणि त्याला असं वाटतं त्यात त्याची काही चूक नाही, तुम्हीच पाच वर्षं त्याला तेवढंच दाखवलं.

ओपनिंगला बॅटिंग करायला टीममध्ये घेतलेला प्लेअर सीझनभर ग्राउंडवर पाणी मारून दाखवत असेल तर ग्राउंड हिरवं होतं हे खरं, पण स्कोअरचं काय, असं कोणीतरी विचारणारच ना.

गट्टू बसवणं, गडर म्हणजे गटाराची लाइन साफ करणं, लाइट लावणं हे नगरसेवकाचं काम आहे. तुम्ही म्हणाल नगरसेवक आहेत कुठं? बरोबर. नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, १५१ नगरसेवक घरी गेले आणि तेव्हापासून प्रशासक आहे. अडीच वर्षं होऊन गेली, महापौर नाही, स्थायी समिती नाही, गडर चोक झाली तर कोणाला फोन लावायचा हे माहीत नाही, म्हणून लोकं तुमच्या जनसंपर्क कार्यालयात येतात. आणि तुम्ही माणूस पाठवता, काम होतं, त्याचा फोटो निघतो, तो अहवालात येतो. इथपर्यंत सगळं ठीक.

पण नगरसेवक गेले कसे हे पण सांगा ना भाऊ. ओबीसी आरक्षणाचा मामला कोर्टात गेला हे आम्हाला माहीत आहे. पण मार्च २०२२ मध्ये तुमच्याच सभागृहात एक विधेयक आलं, प्रभाग पाडायचा अधिकार निवडणूक आयोगाकडून काढून सरकारनं आपल्या हातात घ्यायचा असं, आणि ते एकमतानं पास झालं. एकमतानं! जे सत्तेत होते त्यांनीही हात वर केला, जे विरोधात होते त्यांनीही. मग जूनमध्ये सरकार बदललं आणि ऑगस्टमध्ये पुन्हा कायदा बदलला, आधी केलेली प्रभाग रचना रद्द, परत २०१७ सारखी. एक म्हणे तीन नगरसेवकांचा प्रभाग, दुसरा म्हणे चारचा, आणि त्या खेळात निवडणूकच गायब. याच्यात कोर्टाचा वाटा किती, सरकारचा किती, हे वकील सांगतील, पण सभागृहाचा वाटा आहेच आणि त्या सभागृहात तुम्ही बसून होता. आधी आमचा नगरसेवक जाईल असा कायदा करायला मदत करायची आणि मग त्याच नगरसेवकाची कामं करून "मी किती केलं पाहा" म्हणून मत मागायचं, हे मला काही पचत नाही. त्या दोन्ही दिवशी तुम्ही सभागृहात काय बोलले ते अहवालात टाकलं असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. उठून दोन वाक्यं तरी बोलले का, की नागपूरसारख्या शहराला बिना नगरसेवकाचं किती दिवस ठेवणार?

बरं, कायद्याचं काम म्हणजे काहीतरी मुंबईतलं, मोठं, लोकांना न समजणारं असतं असंही नाही. आपल्या नागपुरात तर पोट्ट्यालाही कळते अशी उदाहरणं आहेत. अनधिकृत वस्त्यांचे ५७२ ले-आउट अन् १९०० ले-आउट हे आकडे इथं कोणालाही विचारा. प्लॉट घेतला, घर बांधलं, पोरं मोठी झाली, पण कागद कच्चा. त्यातून बाहेर यायचा रस्ता कुठून निघाला, तर २००१ च्या गुंठेवारी कायद्यातून. आरएल लेटर (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र), डिमांड नोट (त्यासाठी भरायच्या पैशाची नोटीस) हे शब्द तिथूनच आपल्या घरात आले. त्या कायद्यात १ जानेवारी २००१ पर्यंतचीच बांधकामं धरली होती, २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० केली. फक्त तारीख बदलली, बस! आणि मधल्या वीस वर्षांत ज्यानं पोटाला चिमटा काढून हजार फुटाचा तुकडा घेतला होता त्याच्यासाठी दार उघडलं. हे झालं आमदाराचं काम. तारखेपुढं फी किती, त्या फीचे पैसे त्याच ले-आउटमध्ये लागणार का, गडर आणि पाण्याची लाइन कधी, हे विचारणं पण आमदाराचंच काम, आणि त्याला ना नारळ लागतो ना कुदळ.

माझ्या दुकानात डिमांड नोटची झेरॉक्स काढायला येणारे लोक मला विचारतात की हे एवढे पैसे कशाचे. मी काय सांगू? तुम्ही सांगा.

पैशावरून आठवलं. यंदा ९ जुलैला अर्थमंत्र्यांनी पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटच्या वरचा जादा खर्च, मांडल्या, ९४ हजार कोटींच्या वर. अधिवेशन १२ जुलैला संपलं. म्हणजे मांडण्यापासून गुंडाळण्यापर्यंत चार दिवस, त्यातच मंजूर. लाडकी बहीणचे पैसे त्यातच होते, आणि मी त्या योजनेच्या विरोधात अजिबात नाही, माझ्याच घरी दीड हजार येतात आणि ते आल्यापासून घरात माझ्या शब्दाला असलेली किंमत जरा कमीच झाली आहे, चांगलंच आहे. आता प्रचारात एक बाजू २,१०० म्हणते, दुसरी ३,००० म्हणते, लिलाव चालू असल्यासारखं. पण ९४ हजार कोटीवर आपला आमदार किती मिनिटं बोलला, त्यातून नागपूरला काय आलं, काय नाही आलं, हे विचारायचा हक्क दीड हजार घेतले म्हणून संपत नाही ना? आपलेच पैसे आहेत ते. तसेच आमदार निधीचे वर्षाला ५ कोटीही आपलेच, आणि त्यातून आलेल्या बाकड्याच्या पाठीवर मात्र तुमचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात की टेकून बसलं तर शर्टावर उमटेल.

आता नागपूरच्या अधिवेशनाचं. यावर मला जरा जास्त बोलायचं आहे कारण हे आपलं आहे, पुण्या-मुंबईवाल्याला यात काही वाटणार नाही.

२८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून जी वचनं दिली त्यात एक होतं की सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथं होईल. मागच्या पाच वर्षांत किती झाली? डिसेंबर २०१९ ला झालं, आठवड्याभराचं. २०२० ला कोरोना म्हणून मुंबईत, दोन दिवस. २०२१ ला पण मुंबईत. मग २०२२ आणि २०२३. म्हणजे पाचात तीन. कोरोनाचं वर्ष समजू शकतो आपण. पण २०२१ ला मुंबईत अधिवेशन झालंच की, मग नागपुरात का नाही, असा ठणठणीत सवाल तुम्ही सभागृहात केला का, कागदोपत्री, रेकॉर्डवर? पेपरात स्टेटमेंट दिलं असेल, ते धरत नाही मी.

आणि जेव्हा होतं तेव्हा काय होतं? नोव्हेंबर संपता संपता सिव्हिल लाइन्समधले रस्ते गुळगुळीत होतात, रवी भवन, नाग भवन, आमदार निवास रंगून निघतं, दुभाजकांना पांढरे-काळे पट्टे, झाडांच्या बुंध्यांना गेरू. आमच्याकडं म्हणतात की अधिवेशन आलं की नागपूरचा पाहुण्यांपुरता मेकअप होतो. सावजीची हॉटेलं फुल्ल, संत्रा बर्फीचे डबे, शेतावर हुरडा पार्ट्या. खा ना, पाहुणे आहेत, कोण नाही म्हणते. पण दोन आठवडे पण धड चालत नाही, त्यात पहिला दिवस शोकप्रस्तावाचा, मधले गदारोळाचे, आणि विदर्भावरची चर्चा शेवटी शेवटी, जेव्हा अर्ध्या लोकांनी परतीची तिकिटं काढलेली असतात. ज्या कारणासाठी अधिवेशन इथं आणलं तेच सगळ्यात शेवटी.

तेव्हा बाहेर काय असतं तेही तुम्हाला माहीतच आहे. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला, टेकडी रोडला बॅरिकेड लावून थांबवतात. अंगणवाडीच्या ताया, विनाअनुदानित शाळांचे मास्तर, गडचिरोलीवरून रात्रभर एसटीनं आलेले लोक, थंडीत रोडवर बसून भाकर खातात. निवेदनाच्या झेरॉक्स काढायला माझ्यासारख्याच एखाद्या दुकानात येतात. एका मास्तरनं मला एकदा निवेदनाच्या जास्तीच्या कॉपी मागितल्या, मी म्हटलं एवढ्या कशाला, तर म्हणे मंत्री नाही भेटला तर निदान आमदारांना तरी देतो. भाऊ, त्या निवेदनांचं पुढं काय होतं? एका तरी निवेदनाचा तुम्ही तारांकित प्रश्न केला का, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो? तातडीच्या विषयाची लक्षवेधी सूचना लावली? औचित्याचा मुद्दा तरी?

आणि एक गोष्ट. मतदान बुधवारी २० नोव्हेंबरला आहे, मोजणी शनिवारी २३ नोव्हेंबरला. २३ नोव्हेंबर म्हटलं की बाकी महाराष्ट्राला २०१९ चा तो पहाटेचा शपथविधी आठवतो. नागपूरकराला दुसरंच काही आठवायला पाहिजे. २३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशन चालू होतं, गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, आदिवासी म्हणून सवलती द्या ही मागणी, आणि विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर चेंगराचेंगरीत ११४ लोक गेले. बाया आणि लेकरं जास्त. यंदा त्याला बरोबर ३० वर्षं होतात. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०१८ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० मध्ये तो फिरवला, म्हणजे तीस वर्षांनीही मामला जिथल्या तिथं. त्या दिवशी सकाळी झिरो माइलजवळच्या स्मारकावर गोवारी बांधव फुलं वाहायला येतील आणि त्याच वेळी मोजणी केंद्राबाहेर गुलाल तयार असेल. जो कोणी जिंकेल त्यानं डीजे लावायच्या आधी तिथं जाऊन यावं एवढी माझी इच्छा आहे. आणि फुलं वाहून झाल्यावर, यांच्यासाठी सभागृहात काय मांडणार ते पण सांगावं. फोटो काढला नाही तरी चालेल.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट पण विसरलो नाही आम्ही. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदी घराघरात. आमच्या घरी नाही शिरलं, पण माझ्या साळ्याच्या घरी तळमजल्यावर छातीपर्यंत पाणी होतं, फ्रिज उलटा होऊन तरंगत होता आणि म्हातारी सासू टेबलावर उभी होती. सकाळी आम्ही गेलो तर पहिल्यांदा ती काय म्हणाली, तर "कागदपत्र गेले रे बापा." घरमागे १० हजार जाहीर झाले, दुकानदारांना ५० हजारांपर्यंत, ठीक आहे. त्यानंतर अडीच महिन्यांनी इथंच अधिवेशन भरलं. तलावाच्या ओव्हरफ्लोसमोर काय बांधलं, नदीचं पात्र कोणी अरुंद केलं, पुढच्या वर्षी पाऊस आला तर कोण जबाबदार, हे प्रश्न तुम्ही त्या दहा-बारा दिवसांत विचारले का आणि उत्तर काय आलं? तुमच्या अहवालात पूरग्रस्तांना ब्लँकेट वाटतानाचा फोटो आहे. ब्लँकेटबद्दल धन्यवाद, खरंच. पण प्रश्नाचं काय?

तसंच विदर्भ वैधानिक विकास मंडळ. ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली, तेव्हापासून बंद पडून आहे. १९९४ पासून विदर्भाच्या विकासाचा अनुशेष मोजायला निदान एक जागा तरी होती, तीपण गेली. मधल्या काळात एक सरकार पडलं, दुसरं आलं, पक्ष फुटले, चिन्हं इकडची तिकडं झाली, आणि या पाच वर्षांत सगळेच मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत बसून आले, त्यामुळे "आमचं सरकार नव्हतं हो" असं म्हणायची सोय कोणालाच उरली नाही. माझे सासरे काटोलकडचे शेतकरी, सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि मार्केटात त्याच्या कितीतरी खाली विकून राहिले. ते म्हणतात अनुशेष-बिनुशेष मले काही समजत नाही, पण आमच्यासाठी तिथं भांडणारा कोण हे सांग. मी गप्प बसलो. काय सांगणार, माझ्याजवळ तुमचा कार्य अहवाल होता आणि त्यात दहीहंडी होती.

महिलांवरच्या अत्याचाराला कडक शिक्षा देणाऱ्या शक्ती विधेयकाचं तर विचारूच नका. डिसेंबर २०२१ मध्ये पास केलं, बाक वाजवले, महिला सुरक्षेच्या भाषणात सगळ्यांनीच वापरलं. तीन वर्षं होत आली, अजून कायदा नाही. ते कुठं अडकलं हे पुढच्या अधिवेशनात कोणी विचारलं असेल तर त्याचं नाव कळवा, माझं मत त्याला.

आता तुम्ही म्हणाल की ही सगळी माहिती ऑनलाइन असते, पाहून घ्यायची. मी दिवसभर स्क्रीनसमोरच बसतो भाऊ. कामकाजाच्या फाइली निघतात, पण एका आमदाराचं पाच वर्षांचं काम एका जागी काही सापडत नाही, दिवसादिवसाच्या पीडीएफ उघडत बसा. उलट तुमचं शपथपत्र एका क्लिकवर येतं. फॉर्म २६. परवा एका गिऱ्हाइकानं सगळ्या उमेदवारांची प्रिंट मागितली, त्या निमित्तानं मी पण वाचली. सोनं किती तोळे, गाडी कोणती, फ्लॅट कुठं, कर्ज किती, केसेस किती, पाच वर्षांचं इन्कम टॅक्सचं उत्पन्न, बायकोचं पण, शिक्षण, सगळं आहे. गुन्हे असतील तर तीनदा पेपरात छापावं लागतं. इतकं सगळं विचारतात, पण परत उभा राहिलेल्या माणसानं मागच्या वेळी सभागृहात काय केलं याचा एक कॉलम नाही. निवडणूक आयोगाला जमेल तेव्हा जमेल, तुम्हाला कोणी अडवलं आहे? तुम्ही स्वतःहून द्या.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रचार १८ तारखेला संध्याकाळी सहाला थांबतो. त्याच्या आत एक पान काढा. आर्ट पेपर नको, साधा ए-फोर. त्यावर किती दिवस अधिवेशन झालं आणि किती दिवस तुम्ही हजर होता ते लिहा. किती तारांकित प्रश्न टाकले, त्यातले नागपूरचे किती, उत्तर काय आलं. किती लक्षवेधी. कोणत्या विधेयकावर बोलले, अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारचं नाही तर आमदाराचं स्वतःचं, एखादं मांडलं का. प्रभागाच्या त्या दोन्ही कायद्यांवर मत कुठं होतं. मधे मंत्री असाल तर प्रश्न विचारता येत नाही हे मला समजतं, मग दिलेली आश्वासनं लिहा आणि त्यातली किती पूर्ण झाली ते. आकडा कमी असला तरी चालेल. तुम्ही बोलायला उभे राहिले अन् गोंधळात बोलू दिलं नाही असं असेल तर तेही लिहा, आम्ही मान्य करू, आम्ही पण टीव्हीवर पाहतो काय चालतं ते.

तुमच्यासमोर जे नवे उभे आहेत त्यांनाही सांगणं आहे, तुम्ही पण गट्टूचंच वचन देऊन राहिले. एकानं तर आमच्या ले-आउटला दोन ओपन जिम कबूल केल्या. आहे ती एक रिकामी असते, तिच्यावर आता सकाळी चादरी वाळत असतात.

आणि हो, आमच्या चौकातली ती कोनशिला. दसरा १२ ऑक्टोबरला झाला, आचारसंहिता १५ ला दुपारी लागली, मधल्या दोन-अडीच दिवसांत नारळ फोडून जी बसवली ती. काम काही सुरू झालं नाही, चुन्याच्या रेषा पावसानं गेल्या. नियमाप्रमाणं तिच्यावर तुमचं नाव झाकायला पेपर चिकटवला आहे, पण ज्यानं चिकटवला त्यानं पेपरचं नेमकं ते पान वापरलं ज्याच्यावर तुमची अर्ध्या पानाची जाहिरात आहे. दगडावरचं नाव झाकलं अन् फोटो उघडा. आचारसंहितेच्या तक्रारीच्या सी-व्हिजिल ॲपवर टाकणार होतो, शंभर मिनिटांत कारवाई होते म्हणतात, पण सोडून दिलं. कोणालातरी पाठवून ते पान बदलून घ्या.

२० तारखेला सकाळी सातला मी बूथवर असणार, दुकान दुपारनंतर उघडेन. मत कोणाला ते अजून ठरलेलं नाही, खोटं सांगत नाही. तुमचं ते एक पान आलं तर काउंटरवर काचेखाली लावून ठेवीन, येणारा-जाणारा वाचेल, आमच्याकडं दिवसाला बरीच माणसं येतात. दुसऱ्या उमेदवाराचं आलं तर त्याच्याच बाजूला लावीन. टाइप करायला माणूस नसेल तर पेन ड्राइव्हची पण गरज नाही, हातानं लिहून पाठवा, मी टाइप करून देतो. ब्लॅक अँड व्हाइटचे पैसे घेणार नाही, कलर पाहिजे असेल तर दहा रुपये पडतील.

तुमचा,
एक मतदार अन् झेरॉक्सवाला
नागपूर